लाळेतला अमायलेज धरायचा कसा, आणि सोडवायचा कसा

ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा गिळायची घाई न करता चावत राहिलं की थोड्या वेळानं तो गोडसर लागायला लागतो. करवीर तालुक्यातल्या आमच्या घरी आई चुलीपुढं बसून म्हणायची, "सावकाश खा गं, भाकरी गोड लागंल." तो गोडवा लाळेतल्या अमायलेजचा, म्हणजे स्टार्च तोडून साखर करणाऱ्या एन्झाइमचा, हे मला बी.एस्सी.ला कळलं. आता 22 वर्षं झाली, मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात एम.एस्सी.ची बायोकेमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स घेते, आणि दर वर्षी नव्या बॅचला पहिलं मोठं काम देते ते हेच: स्वतःच्या लाळेतून अमायलेज शुद्ध करून दाखवा. कच्चा माल फुकट, रंग डोळ्यांना दिसतो, आणि चुकलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येतं. इथं लिहितेय ते माझ्या वहीतलं आहे, मुलांच्या आणि माझ्याही चुका होऊन झाल्यावर उरलेलं.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावरच उभी आहे. आपण वापरणार ती ॲफिनिटी क्रोमॅटोग्राफी; तीत आपण एका उभ्या नळीत, म्हणजे कॉलममध्ये, एन्झाइमला त्याच्या ओळखीचं काहीतरी दाखवतो. अमायलेजला स्टार्चची साखळी ओळखता येते, म्हणून तो तिला जाऊन बिलगतो. लाळेतली बाकीची प्रथिनं बफरबरोबर (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाबरोबर) खाली निघून जातात. पण अमायलेजचं कामच स्टार्च तोडणं. म्हणजे त्यानं धरावं, पण खाऊ नये, अशी परिस्थिती आपल्याला तयार करायची आहे. त्याला दोन वाटा आहेत. एक, सगळं इतकं गार ठेवायचं की धरणं चालू राहील आणि तोडणं जवळजवळ थांबेल. दुसरी, स्टार्चसारखंच दिसणारं पण त्याला सहजी तोडता न येणारं काहीतरी पुढं करायचं. मी दोन्ही करून घेते, पहिली दाखवण्यासाठी आणि दुसरी खऱ्या कामासाठी.

ही पहिली वाट फार जुनी आहे. प्रागमधल्या एमिल श्टार्केनश्टाइन यांनी 1910 साली न विरघळलेल्या स्टार्चवर अमायलेज चिकटतो हे दाखवलं. 1942 साली माउटहाउझेनच्या नाझी छळछावणीत त्यांचा जीव गेला. ॲफिनिटी क्रोमॅटोग्राफी हे नाव पुढं 1968 साली क्वात्रेकासास, विल्चेक आणि ॲन्फिन्सेन यांच्या लेखातून रूढ झालं. मुलं 1968 पाठ करतात. मी त्यांना 1910 आधी सांगते.

लाळ गोळा करताना

सकाळी काही खायच्या, चहा प्यायच्या आधी. दात घासून निदान अर्धा तास झालेला असावा, मग साध्या पाण्यानं दोन-तीनदा खळखळून चूळ भरायची. पॅराफिल्मचा (प्रयोगशाळेतल्या मेणासारख्या पातळ पट्टीचा) लहानसा तुकडा चावत राहिलं की लाळ सुटते. बर्फात ठेवलेल्या 50 मिलीच्या नळीत ती थेट गोळा करायची. पाव तासात 10 ते 15 मिली सहज मिळते. उपाशी पोटी मिसळीचा विचार केला तरी लवकर भरते, हा मुलांचा अनुभव आहे आणि तो बरोबर आहे.

लाळ हा मानवी नमुना आहे, हे विसरू नका. प्रत्येकानं फक्त स्वतःची लाळ वापरायची. सर्दी, ताप, हिरड्यांतून रक्त असेल तर त्या दिवशी नाही. हातमोजे घालायचे, तोंडानं पिपेट ओढायचं नाही, आणि उरलेलं सगळं सोडियम हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास ठेवल्याशिवाय बेसिनमध्ये ओतायचं नाही. कुणाला लाळ द्यायची नसेल तर कारण विचारायचं नाही.

एकाच बॅचमध्ये एकाच्या लाळेत भरपूर अमायलेज आणि शेजारच्याच्या लाळेत अगदी थोडा, असं दर वर्षी होतं. ज्याचा कमी येतो तो मुलगा हिरमुसतो, आपलं काहीतरी चुकलं असं त्याला वाटतं. चुकलेलं नसतं. लाळेतला अमायलेज बनवणाऱ्या जीनच्या प्रती माणसागणिक कमी-जास्त असतात, आणि ज्यांच्या आहारात पूर्वापार पिष्टमय पदार्थ जास्त त्या समाजांत त्या सरासरीनं जास्त असतात, हे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. शिवाय वेळ, ताण, लाळ किती पातळ सुटली, याचाही फरक पडतो.

मळी काढणं

ताजी लाळ कॉलमवर घालाल तर कॉलम तुंबणारच. तिच्यात म्यूसिन असतं, तार धरणारं, आणि गालाच्या आतल्या पेशी, अन्नाचे कण, जिवाणू. आमच्या गावाकडच्या गुऱ्हाळात काहिलीतल्या रसात रानभेंडीचा चिकट रस टाकतात, त्यात घाण अडकून मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढतात. इथं मळी खाली बसवायची आहे. लाळ एकदा गोठवून पुन्हा बर्फावरच विरघळू द्या, म्हणजे म्यूसिनच्या गुठळ्या होतात. मग 4 अंशांवर 10,000 जी वेगानं 20 मिनिटं सेंट्रिफ्यूज. वरचं निवळ पाणी हळूच काढून घ्या, तळाच्या गाळाजवळचा अर्धा मिली सोडून द्या. त्या अर्ध्या मिलीचा लोभ धरलेल्या मुलांचे कॉलम पुढं तासन् तास ठिबकत राहिलेले मी पाहिले आहेत. निवळ लाळेतली अर्धी मिली "कच्चा नमुना" अशी चिठ्ठी लावून बाजूला ठेवा. ही ठेवली नाही तर शेवटी हिशेबच मांडता येत नाही.

बफर

अमायलेजला दोन गोष्टी लागतात: कॅल्शियम, आकार टिकवायला, आणि क्लोराइड, काम करायला. म्हणून मी 20 मिलीमोलर हेपिस बफर, पीएच 7.0, त्यात 1 मिलीमोलर कॅल्शियम क्लोराइड आणि 50 मिलीमोलर मीठ घेते. फॉस्फेट बफर कपाटात तयार असतो म्हणून त्यातच कॅल्शियम टाकण्याचा मोह होतो. ते जास्त झालं की कॅल्शियम फॉस्फेटची पांढरी धूळ बसते, आणि मुलांना वाटतं प्रथिन साकळलं. ट्रिस बफर वापरायचा असेल तर पीएच गार करूनच जुळवा. दर अंशामागे तो साधारण 0.03 नं सरकतो, म्हणजे टेबलावर 7.5 केलेला ट्रिस फ्रीजमध्ये 8 च्या वर जातो. आणि ईडीटीए कुठंही नको. तो कॅल्शियम ओढून घेतो. प्रोटिएज (प्रथिनं तोडणारी एन्झाइम) थांबवणाऱ्या तयार गोळ्या वापरणार असाल तर ईडीटीए नसलेल्याच घ्या.

पहिली वाट: बटाट्याचं सत्त्व

उपासाला बटाट्याचा कीस करताना पातेल्याच्या तळाशी जे पांढरं बसतं, तेच आपल्याला हवं. कपिलतीर्थ मार्केटमधून किलोभर बटाटे आणायचे, सोलून किसायचे, गार पाण्यात चोळून मलमलच्या कापडातून गाळायचे. पाणी स्थिर ठेवलं की सत्त्व तळाला बसतं. वरचं पाणी ओता, नवं घाला, ढवळा, पुन्हा बसू द्या. चार-पाच वेळा केल्यावर वरचं पाणी स्वच्छ दिसतं. बटाट्याचं सत्त्व घ्यायचं कारण त्याचे कण मोठे, झटकन खाली बसणारे, त्यांच्यामधून बफर वाहतो. तांदळाच्या स्टार्चचे कण इतके बारीक की कॉलम चिखलासारखा बसतो. शेवटच्या दोन धुण्यांत दहा मिनिटांनंतरही वर जे दुधट राहतं ते निर्दयपणे ओतून द्या.

मग अल्कोहोलनं एकदा धुऊन, फिल्टर पेपरवर पसरून पंख्याखाली वाळवायचं. ओव्हनमध्ये नाही. एका वर्षी एका गटानं घाईनं ओलं सत्त्व 80 अंशांवर ठेवलं. बटाट्याचा ओला स्टार्च 60 अंशांच्या आसपास फुगून फुटतो, त्याची खळ होते. त्यांनी त्या खडबडीत गोळ्या फोडून कॉलम भरला, लाळ घातली आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला. एप्रिल महिना, वळवाचा पाऊस, रात्री वीज गेली ती सकाळपर्यंत आली नाही. सकाळी मुलगा धावत आला, "मॅडम, कॉलम खाली बसलाय की!" सिरिंजमध्ये बोटभर पांढरं उरलं होतं आणि खालच्या चंचुपात्रात पातळ पाणी. त्या पाण्याचा थेंब आयोडीनमध्ये टाकला तर रंग आयोडीनचाच राहिला. अमायलेजनं स्वतःचा कॉलम खाल्ला होता. मी त्या दिवशीचं प्रॅक्टिकल रद्द केलं नाही, तेच पाणी सगळ्यांना दाखवलं. कच्च्या बटाट्याचा स्टार्च पचायला मुळात कठीण असतो; शिजला की सोपा. धरावं पण खाऊ नये, याचा अर्थ त्या बॅचला मला पुन्हा सांगावा लागला नाही.

कॉलमसाठी 10 मिलीची सिरिंज पुरते. तळाशी काचलोकरीचा पातळ थर, खाली सलाइनच्या सेटची नळी, म्हणजे तिच्यावरच्या चाकानं थेंबांचा वेग कमी-जास्त करता येतो. सीपीआर रुग्णालयासमोरच्या औषध दुकानात असा सेट सहज मिळतो. 5 ग्रॅम सत्त्व गार बफरमध्ये कालवून एकाच दमात ओता. थांबत थांबत ओतलं तर थर पडतात आणि बफर कडेनं वाट काढतो. कॉलम वरून कधीही कोरडा होऊ देऊ नका.

आता निवळ लाळ बफरनं दुप्पट पातळ करून, सगळं बर्फाच्या खोक्यात ठेवून, हळूहळू सोडा. खाली येणारं पाणी आणि मूळ लाळ, दोन्हींचा एकेक थेंब पांढऱ्या टाइलवर स्टार्चच्या द्रावणात टाका, पाच मिनिटं थांबा, मग आयोडीन. मूळ लाळेच्या खळग्यात पिवळसर, कॉलममधून आलेल्याच्या खळग्यात गडद निळं. म्हणजे अमायलेज वरच अडकला. हे दोन शेजारशेजारचे खळगे पाहताना मुलांचे चेहरे बदलतात, तेवढ्यासाठी मी ही पायरी अजून ठेवली आहे.

पण स्टार्चवरून एन्झाइम सोडवायला उबदार बफर लागतो, आणि उबेत तो खात खातच सुटतो. सोबत तुटलेल्या स्टार्चचे तुकडे येतात. म्हणून इथं थांबायचं.

दुसरी वाट: सायक्लोडेक्स्ट्रिन

बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणजे सात ग्लुकोजची बांगडी. जोड स्टार्चसारखेच, पण टोक नाही, आणि वाकवून घट्ट बंद केलेली. अमायलेज तिला ओळखतो, धरतो, पण तोडू शकत नाही म्हटलं तरी चालेल. ही बांगडी जेलवर कायमची बसवायची.

इपॉक्सी लावलेला सेफारोज 6बी, म्हणजे जेलचे बारीक मणी, घ्या. महाग आहे, म्हणून एका बॅचला 1 ग्रॅमच; पाण्यात फुगून त्याचं साधारण साडेतीन मिली जेल होतं. भरपूर पाण्यानं धुवा. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन साध्या पाण्यात लिटरला 18-19 ग्रॅमच विरघळतं, पण 0.1 मोलर कॉस्टिक सोड्यात बरंच जास्त. मी मिलीला 30 मिलिग्रॅम ठेवते. जेल आणि हे द्रावण एकत्र करून 40 अंशांवर रात्रभर हलक्या हलत्या बाथमध्ये. चुंबकाची कांडी घालून ढवळू नका, जेलचे मणी पिसले जातात. सकाळी धुऊन, उरलेले इपॉक्सी गट 1 मोलर इथेनॉलअमाइननं, पीएच 8 ला, पुन्हा रात्रभर बंद करा. ही पायरी कंटाळवाणी म्हणून गाळली जाते, आणि मग ते मोकळे गट हाताला लागेल ते प्रथिन पकडून ठेवतात. या सेफारोजला बारा अणूंचा लांब हात असतो, त्यामुळं बांगडी जेलपासून थोडी दूर राहते आणि अमायलेजसारखा मोठा रेणू तिथपर्यंत पोचतो. सेफारोज स्वतः अगरोजचा आहे. त्याला अमायलेज हात लावत नाही.

जेल कॉलममध्ये भरा, गार बफरचे दहा बेड द्या (एक बेड म्हणजे कॉलममधल्या जेलच्या आकारमानाएवढं द्रावण). मग पातळ केलेली लाळ, मिनिटाला अर्धा मिली. इथं खरंच हळू. आलेलं पाणी एकदा परत वरून सोडायला हरकत नाही.

धुणं हा या कामाचा जीव आहे, आणि सगळ्यांत जास्त फसवेगिरी इथंच होते. आधी साधा बफर, मग त्याच बफरमध्ये अर्धा मोलर मीठ घालून, म्हणजे नुसत्या विद्युतभारानं चिकटलेली प्रथिनं सुटतात, मग पुन्हा साधा बफर. 280 नॅनोमीटरला, जिथं प्रथिनं प्रकाश शोषतात, वाचन घेत राहा. किती धुवायचं? दहा बेड, असं पुस्तकी उत्तर आहे. गुळव्या घड्याळाकडं बघून काहील उतरवत नाही. रस पाण्यात सोडून गोळी कशी होते ते बघतो. तसं तीन फ्रॅक्शन (वेगवेगळ्या नळ्यांत धरलेले भाग) सलग 0.02 च्या खाली आले की थांबा, मग ते आठ बेडला येवोत की अठरा.

सोडवायला तीच बांगडी, पण मोकळी: बफरमध्ये मिलीला 10 मिलिग्रॅम बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन. एक बेडभर आत सोडा, चाक बंद करा, 20 मिनिटं थांबा. अमायलेज धरतो-सोडतो, धरतो-सोडतो; सुटलेल्या क्षणी भोवती मोकळ्या बांगड्यांची गर्दी असेल तर तो जेलकडं परत जात नाही. मग चाक उघडून एकेक मिलीचे दहा फ्रॅक्शन घ्या. सायक्लोडेक्स्ट्रिन 280 ला काही दाखवत नाही, त्यामुळं इथं आकडा वर चढला तर तो प्रथिनाचाच. बहुतेक माल दुसऱ्या ते पाचव्या नळीत येतो.

मोजताना

एका हुशार मुलीनं बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनऐवजी माल्टोजनं एन्झाइम सोडवलं. कल्पना चांगली होती. मग तिनं ते फ्रॅक्शन थेट डीएनएसएमध्ये, म्हणजे साखर रंगावरून मोजणाऱ्या द्रावणात, टाकले आणि प्रत्येक नळी विटेसारखी लाल. अगदी ज्यात प्रथिन नव्हतं तीही. डीएनएसए माल्टोजच मोजतं, मग तो एन्झाइमनं बनवलेला असो की तुम्ही ओतलेला. उलट सायक्लोडेक्स्ट्रिन डीएनएसएला रंग देत नाही, पण अमायलेजच्या तोंडात अडकून बसतं आणि त्याचं काम खरंपेक्षा कमी दाखवतं. दोन्हींवर उपाय एकच: आधी 12-14 किलोडाल्टनच्या (त्याहून लहान रेणू बाहेर जाऊ देणाऱ्या) पिशवीत घालून थंड बफरमध्ये रात्रभर डायलिसिस, मधे दोनदा बफर बदलून. पिशवी सेल्युलोजची, तिचे बीटा जोड अमायलेज तोडू शकत नाही, म्हणून काळजी नको.

मोजमाप नेहमीचं: पीएच 6.9 च्या फॉस्फेट बफरमध्ये 1 टक्का स्टार्च, ठरावीक मिनिटं, मग डीएनएसए घालून उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, गार करून 540 ला वाचन, माल्टोजच्या प्रमाण आलेखावरून एकक. प्रत्येक नमुन्याला शून्य मिनिटाची नळी ठेवाच. प्रथिन ब्रॅडफर्डच्या रंग-पद्धतीनं, 595 ला.

समजा, कच्च्या लाळेत 12 मिलिग्रॅम प्रथिन आणि 1000 एकक निघाले, म्हणजे मिलिग्रॅमला 83. शेवटी 2 मिलिग्रॅम आणि 650 एकक, म्हणजे मिलिग्रॅमला 325. शुद्धता वाढली जवळजवळ 4 पट, हाती लागला 65 टक्के. मुलांना 4 पट म्हणजे काहीच नाही असं वाटतं. बाहेरच्या लेखांत शंभर पट वाचलेलं असतं. विचार करा: लाळेतल्या प्रथिनांत अमायलेजचा वाटाच मोठा. तो जर चौथ्या हिश्श्याएवढा असेल, तर अगदी शंभर टक्के शुद्ध केला तरी चार पटीच्या वर जाणार कुठून? तुमच्या वहीत 60 पट आलं असेल तर आनंद करायच्या आधी कच्च्या लाळेचं मोजमाप पुन्हा करा. बहुतेक वेळा ते पुरेसं पातळ न करता केलेलं असतं, एन्झाइमनं सगळा स्टार्च पहिल्याच मिनिटात संपवलेला असतो आणि आकडा खोटा कमी आलेला असतो.

जेलवर दोन पट्टे

शेवटची परीक्षा एसडीएस जेलवर, जिथं प्रथिनं आकारानुसार वेगळी होतात. 10 टक्क्यांचं जेल, कच्ची लाळ, कॉलममधून निसटलेलं, धुण्याचं, आणि शुद्ध, शेजारीशेजारी. निळा रंग उतरवताना मुलं ट्रेवर वाकून बसतात, आणि शुद्धच्या रकान्यात एकाऐवजी दोन पट्टे दिसले की कुणीतरी म्हणतंच, "गेलं सगळं." गेलेलं नाही. पट्टे एकमेकांना लागून असतील, एक 56 किलोडाल्टनच्या जवळ आणि एक 62 च्या, तर दोन्ही अमायलेजच आहेत. वरच्यावर साखरेची साखळी चढलेली असते, खालच्यावर नसते. आपल्या तोंडात तो दोन्ही रूपांत असतो. खाली 15-20 च्या आसपास काही दिसलं, तर मात्र धुणं कमी पडलं.

शुद्ध माल लहान लहान नळ्यांत वाटून, निम्मं ग्लिसरॉल घालून उणे 20 ला ठेवा; बफरमधलं कॅल्शियम राहू द्या. एकच मोठी नळी रोज काढून परत गोठवली की काम कमी होत जातं. कॉलममधलं जेल फेकायचं नाही: मोकळ्या सायक्लोडेक्स्ट्रिननं एकदा, 1 मोलर मिठानं, मग पाण्यानं धुऊन 20 टक्के अल्कोहोलमध्ये, दोन्ही टोकं बंद करून फ्रीजमध्ये. आमचं एक जेल सलग चार बॅचनी वापरलं. उन्हाळी सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी झाकणं तपासा आणि अल्कोहोल वरपर्यंत भरा; जूनमध्ये पोरं येतात तेव्हा ते ओलं सापडलं पाहिजे.